सिनेमातला हॅकर माऊस का वापरत नाही?

खलनायकाच्या सर्व्हरमध्ये शिरायला नायकाकडे तीस सेकंद आहेत. तो की-बोर्ड बडवत सुटतो. काळ्या पडद्यावरून हिरवी अक्षरं ओघळतात, लाल चौकटीत 'ॲक्सेस डिनाइड' झळकतं, मागे टूंटूं वाजतं आणि एकोणतिसाव्या सेकंदाला सगळं हिरवंगार होतं. थिएटरात शिट्टी पडते. घरी येऊन आपण बँकेचं ॲप उघडतो, तर नुसता ओटीपी यायला दीड मिनिट लागतं.

हे सगळं खोटं असतं हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते कोण बनवतं, कसं बनवतं आणि असंच का बनवतं, हे फारसं कोणी सांगत नाही. तिकडे डिजिटल अरेस्ट (म्हणजे व्हिडिओ कॉलवरचे तोतये पोलिस), बनावट ट्रेडिंग ॲप, खोटं यूपीआय पेमेंट या बातम्या जळगाव-धुळ्याच्या वाचकाला आता रोजच्या झाल्यात. या बातम्यांचं आणि त्या हिरव्या अक्षरांचं नातं वाटतं त्यापेक्षा बरंच जवळचं आहे.

## रुखवतातला बंगला

इंटरफेस म्हणजे माणूस आणि यंत्र जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. एटीएमचा पडदा आणि त्याची बटणं हा इंटरफेस. मिक्सरची एक-दोन-तीनची खुंटी हाही इंटरफेस, आणि कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीनसुद्धा. सिनेमासाठी मुद्दाम घडवलेल्या, प्रत्यक्षात न चालणाऱ्या इंटरफेसला या धंद्यात एफयूआय म्हणतात. आपण त्याला 'नकली पडदा' म्हणू आणि एफयूआय विसरून जाऊ.

लग्नातलं रुखवत आठवा. पुठ्ठ्याचा दुमजली बंगला, दारात थर्माकोलची गाय, अंगणात तुळशीवृंदावन. या बंगल्याचा जिना कुठाय, मोरी कुठाय, असं कोणी विचारत नाही, कारण तो राहायला बांधलेलाच नसतो. पाहुण्यांनी घटकाभर थांबावं, 'मावशीनं केलंय वाटतं' म्हणावं आणि पंगतीकडे वळावं, एवढंच त्याचं काम. नकली पडदा तसाच असतो. खरं सॉफ्टवेअर ते वापरणाऱ्यासाठी बनतं. नकली पडदा बघणाऱ्यासाठी बनतो. त्याच्यासमोर बसलेलं पात्र वापरल्यासारखं करतं, खरा गिऱ्हाईक मात्र पंधराव्या रांगेत समोसा खात बसलेला असतो.

माऊसचं उत्तर इथेच आहे. माऊसचा बाण इतका बारीक, की तो पंधराव्या रांगेतून दिसत नाही, आणि माऊसवरचा हात कॅमेऱ्यात आळशी दिसतो. की-बोर्डवर दहा बोटं नाचतात, खटखट आवाज होतो आणि माणूस काहीतरी अवघड करतोय असं दुरूनही कळतं. खरा प्रोग्रामर बहुतेक वेळ नुसता पडद्याकडे बघत कपाळ चोळतो, पण त्याचं शूटिंग कोण करणार?

## कॅमेऱ्याला पडद्याचं वावडं

हल्ली आपल्याकडे लग्नात स्टेजमागे एलईडी वॉल असते. तिचा मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या त्या भिंतीवर व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतील, कधी इंद्रधनुषी लाटा उठतील. सिनेमावाल्यांनी या त्रासाशी कितीतरी वर्षं झुंज दिली आहे.

जुन्या पेटीसारख्या टीव्हीवर चित्र एकदम उमटत नसे. एक किरण वरून खाली ओळीओळीने ते रंगवत यायचा, आपल्या देशातल्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं टिपतो, आणि दोन चित्रांच्या मध्ये त्याचं शटर बंद असतं. दोघांची लय जुळत नाही. मग कॅमेऱ्याला कधी अर्धवट रंगवलेला पडदा सापडतो, कधी दीडपट, आणि चित्रात एक काळा पट्टा वरखाली फिरत राहतो. यावर उपाय म्हणून मॉनिटरच आतून बदलून २४ च्या लयीवर आणायचे आणि कॅमेऱ्याच्या तालात बांधायचे. हे जमवणारा खास तंत्रज्ञ सेटवर असायचा. आजच्या सपाट पडद्यांवर तो पट्टा फारसा दिसत नाही. पण पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर आली की लाटा अजूनही उठतात.

म्हणून जुन्या काळी दिग्दर्शकांनी सोपा मार्ग काढला : कॉम्प्युटर दाखवायचा, पण वापरायचा नाही. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'मध्ये यानातल्या डझनावारी पडद्यांवर आकडे आणि आलेख पळतात. ते सगळं हाताने बनवलेलं ॲनिमेशन होतं. पडद्यांच्या मागे १६ मिलिमीटरचे प्रोजेक्टर लपवून ते आतून पाडलं होतं. त्या सिनेमात कॉम्प्युटरने काढलेलं चित्र शोधून सापडायचं नाही.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण १९८१ चं आहे. 'एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क'मध्ये नायक ग्लायडरमधून रात्रीच्या मॅनहॅटनवर उतरतो, तेव्हा समोरच्या पडद्यावर इमारतींच्या नुसत्या कडांची हिरवी रेखाकृती फिरताना दिसते. पाहणाऱ्याला वाटावं, काय जबरदस्त कॉम्प्युटर! तेव्हा असं चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेणं फार महाग पडत होतं. मग त्यांनी शहराची छोटी प्रतिकृती बनवली, काळी रंगवली, प्रत्येक इमारतीच्या कडांना चमकणारी पट्टी चिकटवली आणि अंधारात तिच्यामधून कॅमेरा फिरवला. कॉम्प्युटरची नक्कल पुठ्ठा, रंग आणि चिकटपट्टीने केली. चार वर्षं आधी, १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये मात्र डेथ स्टार या शत्रूच्या तळावरच्या हल्ल्याची योजना समजावणारी रेखाकृती लॅरी क्युबाने खरोखर कॉम्प्युटरवर काढली होती. थिएटरातल्या माणसाला दोन्हीत फरक जाणवला नाही. जाणवायची गरजही नव्हती.

पैसे कमी पडले की डोकं चालतं, हे मालेगावपासून हॉलिवूडपर्यंत सारखंच. धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या दोस्तांनी सायकलची ट्रॉली करून आणि हिरवं कापड ताणून सिनेमे काढले. त्यांच्यावर माहितीपट निघाला, आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात आला. तिकडे १९८७ साली 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेसाठी मायकल ओकुडाने यानातले सगळे नियंत्रण-फलक बनवले. बजेट नव्हतं, म्हणून बटणं, खटके, दिवे सगळं गाळलं. पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगीत पट्ट्या छापल्या आणि मागून ट्यूबलाइट लावली. आज तो फलक बघणाऱ्याला वाटतं, याने टॅब्लेट किती आधी ओळखला! त्याने ओळखला होता तो निर्मात्याचा खिसा.

## बोटं कुठेही आपटा

आता काम कसं चालतं ते बघू. पटकथा हातात आली की डिझायनर तिच्यातला प्रत्येक पडदा वेगळा काढतो. पोलिस ठाण्यातला कॉम्प्युटर, नायिकेचा मोबाइल, दवाखान्यातला मॉनिटर. प्रत्येकापुढे तीन प्रश्न : हे यंत्र कोणाचं? प्रेक्षकाला यातून नेमकं काय कळायला हवं? आणि नट याच्याशी काय करणार? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून रंगरूप ठरतं. सरकारी कचेरीतला पडदा थोडा जुनाट हवा, वेड्या शास्त्रज्ञाचा विस्कटलेला. दुसऱ्यावरून मजकूर ठरतो. कथा ज्यावर अडते त्या पडद्याला 'हीरो' म्हणतात. त्याच्यावर आठवडे जातात. आजूबाजूचे पडदे म्हणजे नुसती गर्दी, त्यांवर काहीही फिरवलं तरी चालतं.

तिसऱ्या प्रश्नातून दोन वाटा फुटतात. पहिली वाट प्लेबॅकची : सेटवरच्या खऱ्या पडद्यावर आधी बनवलेलं ॲनिमेशन चालवायचं. इथे एक पंचाईत असते. नटाला संवाद म्हणायचेत, भाव दाखवायचेत, कॅमेऱ्याची खूण पाळायची आहे, त्यात बिनचूक टायपिंग कुठून करणार? म्हणून प्रोग्रामच असा लिहितात की कुठलंही बटण दाबलं तरी ठरलेलं पुढचं अक्षर उमटतं. १९८३ च्या 'वॉरगेम्स'मधला तो शाळकरी हॅकर असाच टाइप करत होता. मॅथ्यू ब्रॉडरिकने बोटं कुठेही आपटली तरी पडद्यावर योग्य तेच येत होतं. पूर्वी हे काम डायरेक्टर आणि फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं, आता व्हिडिओ गेम बनवायच्या साधनांत होतं. आपल्या कमी खर्चाच्या मालिकेत तेवढंही लागत नाही. लॅपटॉपवर एक व्हिडिओ फुलस्क्रीन लावतात आणि नटाला सांगतात, 'तुम्ही नुसतं टाइप केल्यासारखं करा.'

दुसरी वाट : पडद्याच्या जागी नुसता हिरवा किंवा निळा रंग ठेवायचा आणि चित्र नंतर बसवायचं. दिग्दर्शकाला मागाहून मत बदलता येतं, हा फायदा. तोटा असा, की खऱ्या पडद्याचा उजेड नटाच्या चेहऱ्यावर पडतो, चष्म्यात त्याची तिरीप दिसते. हिरव्या कागदाचा उजेड मात्र हिरवाच पडतो, तो मग खरवडून काढत बसावं लागतं. 'आयर्न मॅन'च्या शिरस्त्राणात चेहऱ्याभोवती तरंगणारे आकडे शूटिंगच्या वेळी नसतात. रॉबर्ट डाउनी ज्युनियर रिकाम्या हवेकडे बघून अभिनय करतो आणि त्याची नजर जिकडे गेली तिकडे डिझायनर नंतर चित्र नेऊन ठेवतो. म्हणजे इथे पडदा माणसाच्या मागे धावतो. आपल्या मोबाइलकडे बघितलं तर आयुष्यात नेमकं उलटं चाललंय, पण तो वेगळा विषय.

## दोन सेकंदांत वाचता आलं पाहिजे

नकली पडदा दिसतो किती वेळ? बहुधा दोन-तीन सेकंद. तेवढ्यात सर्वात मागच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे की काम फत्ते झालं की फसलं. म्हणून अक्षरं पाटीएवढी असतात, म्हणून लाल म्हणजे गोंधळ आणि हिरवा म्हणजे सुटलो. खऱ्या सर्व्हरवर पासवर्ड चुकला की एक मरतुकडी ओळ येते, लाल-बिल काही होत नाही. आणि म्हणूनच फाइल कॉपी होताना ती पट्टी सरकत जाते नि ९८ टक्क्यांवर अडते. ती पट्टी खरं म्हणजे दाराबाहेर पोचलेल्या गुंडांच्या पावलांचं घड्याळ असते. ते टूंटूं आवाजही सगळे नंतर भरलेले असतात. दर क्लिकला असा आवाज करणारा कॉम्प्युटर ऑफिसात ठेवा, दुपारपर्यंत कोणीतरी तो खिडकीतून फेकेल.

इतक्या पडद्यांचा रंग निळाच का? दोन कारणं. घरातल्या पिवळसर दिव्यांच्या उजेडाला जुळवलेली फिल्म असायची, आणि तिच्यावर जुन्या मॉनिटरचा पांढरा उजेडही निळा उमटायचा. त्यामुळे 'कॉम्प्युटर म्हणजे निळा' हे डोळ्यांत बसलं. शिवाय माणसाच्या कातडीत, गोरी असो वा काळी, नारिंगी छटा असते, आणि नारिंगीशेजारी निळा ठेवला की चेहरा उठून दिसतो.

मराठी सिनेमातल्या पोलिसाचा कॉम्प्युटर मात्र हटकून इंग्रजीत बोलतो. आपण सातबारा मराठीत काढतो, वीजबिल मराठीत वाचतो, पण पडद्यावर 'प्रवेश नाकारला' असं लिहिलेलं पाहिलंय? याला नुसती हौस जबाबदार नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही ॲनिमेशन बनतात, त्यांच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची मोडतोड व्हायची. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षराचे दोन तुकडे. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर असे अपघात आपण सगळ्यांनी पाहिलेत. डिझायनर कंटाळला आणि इंग्रजीवर गेला. नव्या आवृत्त्यांत ती अडचण सुटली आहे, सवय तेवढी राहिली.

आणि पडद्यावर जो मजकूर येतो, तो कोणाचा तरी निघू नये याचीही काळजी घ्यावी लागते. अमेरिकी सिनेमात फोन नंबर ५५५ ने सुरू होतो तो यासाठीच. इंटरनेटच्या पत्त्यात ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे असतात आणि कुठलाही आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. १९९५ च्या 'द नेट'मध्ये ७५.७४८.८६.९१ असा पत्ता दिसतो. ७४८ बघून जाणकार हसतात, पण तो पत्ता कोणाचाच नसल्याने कोणाच्या दारात लोक जात नाहीत. २०२४ च्या दिवाळीत आलेल्या 'अमरन' या तमिळ सिनेमात ही काळजी राहिली. नायिकेचा म्हणून दाखवलेला नंबर चेन्नईच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा निघाला. साई पल्लवीशी बोलायचंय म्हणून त्याच्याकडे फोनची रीघ लागली. बिचाऱ्याने १ कोटी १० लाखांची भरपाई मागणारी नोटीस पाठवली, आणि सिनेमातला तो नंबर झाकावा लागला.

## खरंच दाखवलं तर काय बिघडतं?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि रास्त आहे. काहींनी खरं दाखवलंही. २००३ च्या 'मॅट्रिक्स रीलोडेड'मध्ये ट्रिनिटी वीजकेंद्राच्या यंत्रणेत शिरते तेव्हा 'एनमॅप' हे खरं साधन वापरते. सायबर सुरक्षावाले आजही ते दृश्य कौतुकाने दाखवतात. 'एक्स माकिना'मध्ये पडद्यावर क्षणभर दिसणारा प्रोग्राम कोणीतरी उतरवून चालवला, तर त्यातून एका खऱ्या पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक बाहेर पडला. पुस्तक होतं जाणिवेवरचं, सिनेमाच्या विषयाचं. असली गंमत करणाऱ्या डिझायनरला माझा नमस्कार.

पण खरे पडदे मुद्दामच कंटाळवाणे बनवलेले असतात. भुसावळसारख्या जंक्शनवर गाड्यांचे मार्ग लावायचं पॅनेल कसं चालतं ते पाहा. रुळांचा नकाशा असतो, आणि काही चाललेलं नसताना त्याच्या पट्ट्या विझलेल्या असतात. मार्ग लागला की तेवढीच पट्टी उजळते, गाडी तिथे आली की लाल होते, गाडी पुढे सरकली की पुन्हा अंधार. अख्ख्या पाळीत माणसाची नजर जिथे जायला हवी तिथेच उजेड. मोठ्या कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या नव्या कंट्रोल रूमसाठीही हीच शिस्त सांगतात : मागचा रंग करडा ठेवा, सुरळीत चाललेल्या गोष्टीला रंग देऊ नका, बिघडलेल्यालाच द्या. सिनेमाच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर रंग नाचत असतात. खऱ्या जागी तसं दिसलं तर कामगार पळत सुटतील.

## टॉम क्रूझचे हात

मग दुसरा आक्षेप : सिनेमात आधी येतं आणि नंतर खरं होतं, असं नाही का?

कधीकधी होतं. २००२ चा 'मायनॉरिटी रिपोर्ट' हे हटकून दिलं जाणारं उदाहरण. कथा २०५४ सालची. स्टीव्हन स्पीलबर्गने १९९९ मध्येच शास्त्रज्ञ, वास्तुविशारद, संशोधक अशी मंडळी एकत्र बसवून भविष्य कसं असेल ते विचारून घेतलं. एमआयटीच्या मीडिया लॅबमधला जॉन अंडरकॉफ्लर सल्लागार झाला, आणि त्याने हातवाऱ्यांची अख्खी एक भाषा बसवली. कुठल्या खुणेने चित्र सरकेल, कुठल्या खुणेने थांबेल, हे ठरलेलं होतं, म्हणून टॉम क्रूझचे हात वायफळ वाटत नाहीत. पुढे अंडरकॉफ्लरने कंपनी काढून तशी यंत्रणा खरोखर बांधली.

आणि तरी आज आपल्या ऑफिसात कोणी हवेत हात फिरवत नाही. खांद्याच्या उंचीवर हात पसरून पाच मिनिटं उभं राहून बघा, कारण कळेल. हात भरून येतात. या दुखण्याला तंत्रज्ञ 'गोरिला आर्म' म्हणतात, आणि उभ्या टचस्क्रीनमुळे ते सिनेमाच्या कितीतरी आधी माहीत होतं. कॅमेऱ्याला मात्र मोकळे पसरलेले हात हवेच असतात, आणि काचेच्या आरपार दिसणारा नटाचा चेहराही. पारदर्शक मॉनिटर त्याचसाठी. घरी तसला मॉनिटर ठेवाल तर अक्षरांमागे वाळत घातलेले कपडे दिसतील.

सिनेमाचा दुसऱ्या तऱ्हेचा परिणाम त्याहून मोठा आहे. जून १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगनने 'वॉरगेम्स' पाहिला, त्यात तो शाळकरी पोरगा लष्कराच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, आणि थोड्याच दिवसांत आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? चौकशी करून जनरल आले ते सांगायला की प्रकरण वाटतं त्याहून वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये सरकारी कॉम्प्युटरांच्या सुरक्षेचा आदेश निघाला. एका नकली पडद्याने खऱ्या यंत्रणांकडे लक्ष वेधलं.

## 'साहेब, जरा झूम करा ना'

आपल्याकडे परिणाम दिसतो तो पोलिस ठाण्यात. मोटारसायकल चोरीला गेली, चौकात कॅमेरा आहे, फुटेज मिळालं. मालकाचं म्हणणं एकच : झूम करून नंबर काढा की! टीव्हीवर काढतातच ना.

हिशेब करू. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याचं चित्र १९२० ठिपके रुंद असतं. समजा त्यात २० मीटर रुंदीचा चौक मावतो, म्हणजे एका मीटरला ९६ ठिपके आले. कारची नंबरप्लेट अर्धा मीटर रुंद, तिच्या वाट्याला ४८. 'एमएच १९' पासून पुढे अक्षरं-आकडे मिळून दहा, म्हणजे एकेकाला पाचही ठिपके नाहीत. मोटारसायकलची मागची प्लेट २०० मिलिमीटरची, तिला पुरते २० ठिपके मिळत नाहीत. एवढ्यात ३ कुठला आणि ८ कुठला? कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते झूम करून कुठून आणणार? चित्र मोठं करा, ठिपके मोठे होतील, बस्स.

'पण आता एआयने होतं ना?' चित्र स्वच्छ दिसतं, हे खरं. पण एआय तिथे काय असावं याचा अंदाज बांधून भरतं. एमएच १९ च्या जागी ते तितक्याच ठसठशीत अक्षरांत एमएच १८ लिहील आणि पोलिस धुळ्यात शोधत बसतील. जुन्या फोटोतल्या आजोबांसाठी ठीक आहे, पुरावा म्हणून नाही.

'त्याला फोनवर बोलत ठेवा, ट्रेस होतोय' हेही तसंच. जुन्या एक्स्चेंजमध्ये कॉल कुठून आला हे शोधायला माणसाला यंत्रांच्या रांगेत एकेक जोडणी मागे मागे बघत जावं लागायचं, आणि तोवर कॉल चालू राहणं गरजेचं असायचं. आजच्या जाळ्यात करणाऱ्याचा नंबर घंटी वाजण्याआधीच पोचलेला असतो. तरी नकाशावरची ती लाल रेघ सिनेमात अजून सरकतेच आहे, कारण तिच्याइतका ताण दुसरं काही देत नाही.

## नकली पडदा दुकानात येतो तेव्हा

हिरवी खूण म्हणजे झालं, मोठा आकडा म्हणजे खरा, राजमुद्रा आणि गणवेश म्हणजे सरकार. ही भाषा आपण इतकी पक्की शिकलोय की विचार न करता वाचतो. ठगांनाही ती येते.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये संध्याकाळची गर्दी आहे. गिऱ्हाईक मोबाइलचं कव्हर आणि चार्जर घेतं, कोड स्कॅन केल्यासारखं करतं आणि स्वतःचा फोन दुकानदारापुढे धरतं. हिरवं वर्तुळ, पांढरी बरोबरची खूण, रक्कम, दुकानाचं नाव, 'टिंग' आवाज. दुकानदार आतल्या पोराला अहिराणीत विचारतो, ''पैसा उनात का?'' (पैसे आले का?) पोरगा म्हणतो, दिसतंय ना! ते दिसतंय ते प्लेबॅक आहे. त्या ॲपमध्ये रक्कम आणि नाव टाकलं की पावतीचं चित्र तयार होतं, बँकेशी त्याचा काही संबंध नसतो. दुकानात रक्कम बोलून दाखवणारी ती छोटी पेटी याच कारणासाठी कामाची. तिला निरोप पेमेंट कंपनीकडून येतो, समोरच्याच्या फोनमधून येत नाही.

बनावट ट्रेडिंग ॲप हा 'हीरो' पडदा. पन्नास हजार भरा, आलेख चढतो, आठवड्यात ऐंशी हजार दिसतात. त्यामागे शेअर बाजार नसतो; ठगाने टाकलेला आकडा असतो. सुरुवातीला दोन-पाच हजार काढूही देतात, विश्वास बसावा म्हणून. मोठी रक्कम काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा'. नफ्यातून कापून न घेता वरून टॅक्स मागणारा पडदा दिसला, तर पुढे एक रुपयाही टाकू नका.

आणि डिजिटल अरेस्ट म्हणजे अख्खा सेट. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी दाखवली गेली, सरन्यायाधीशांचा तोतया बसवून. त्यांचे सात कोटी गेले. पोलिस ठाण्याचा देखावा, टेबलामागचा गणवेश, शिक्का मारलेला हुकूम, सगळं तुमच्या मोबाइलच्या सहा इंची चौकटीत मावेल एवढंच बांधलेलं. चौकटीबाहेर काही नाही. 'कॅमेरा बंद करू नका, कोणाशी बोलू नका' हा आग्रह त्यासाठीच : दुसऱ्या कोणाला विचारलंत की सेट कोसळतो. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी यावर बोलून सांगितलं, की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही.

'आम्ही शिकलेले आहोत, आम्हाला कळेल,' असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी लुधियानाचं उदाहरण पुन्हा वाचावं. पडद्याकडे निरखून बघत बसण्यात अर्थ नाही, तो चांगलाच बनवलेला असतो. तो कोणी दाखवला, एवढं बघा. पैसे आले का, ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बघायचं. पोलिसाचा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि जवळच्या ठाण्यात जाऊन किंवा त्यांचा नंबर आपण शोधून विचारायचं. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचा मेसेज हाताशी ठेवा, तिथे पहिल्यांदा तेच विचारतात.